दिवस ९९ : कावड कुठे पोचली?



आज १ जुलै २०२०, आषाढी एकादशी. पाडव्याला, म्हणजे २५ मार्चला, लॉकडाऊनच्या पहिल्याच दिवशी आपण रोज एक श्लोक वाचायला सुरुवात केली. तेव्हा वाटलं होतं की २१ दिवस लिहू आणि मग ऑफिस सुरू होईल. आज ९९वा दिवस आहे. ऑफिस अजून डायनिंग टेबलवरच आहे. :)

आपला क्रम सध्या दुसऱ्या अध्यायात चालू आहे. पण आज एकादशी, म्हणून क्रम थोडा बाजूला ठेवतो आणि थेट सहाव्या अध्यायाचा ३२वा श्लोक घेतो. खरं सांगायचं तर कारण फक्त एकादशी नाही. मे महिन्यापासून एक गोष्ट मनात अडकून आहे. ती लिहायचं रोज टाळत होतो. आज नाही टाळणार.

आधी श्लोक. भगवान अर्जुनाला सांगतात की दुसऱ्याचं सुख आणि दुसऱ्याचं दुःख जो स्वतःवरून मोजतो, तो माझ्या मते सगळ्यात श्रेष्ठ योगी. सोपं आहे ना ऐकायला? पण हे कुठल्या अध्यायात आलंय ते बघा. सहावा अध्याय म्हणजे ध्यानाचा अध्याय. सुरुवातीला सूचना काय आहेत? एकांतात राहा. एकटे बसा. जागा स्वच्छ असू दे, आसन फार उंच नको, फार खाली नको. खाणं-झोपणं मापात ठेवा. अगदी क्वारंटाइनची नियमावलीच म्हणा! आणि एवढा सगळा एकांत सांगून झाल्यावर भगवान शेवटी कुठे येतात? शेजाऱ्याच्या दुःखापाशी. एकांतात बसून तुझं ध्यान किती लागलं हे आसनावर कळत नाही. दार उघडून बाहेर आल्यावर समोरच्याची तहान तुला स्वतःची वाटते का, तिथे कळतं.

मार्चमध्ये आपल्या सगळ्यांना सक्तीचा एकांत मिळाला. मी तर खूश होतो. रोज पहाटे उठून जप, गीता, ही पोस्ट, मग स्टँडअप कॉल. ट्रॅफिक नाही, कटकट नाही. आपली साधना वाढतेय असं प्रामाणिकपणे वाटत होतं.

आता मे महिन्याची गोष्ट.

आमच्या सोसायटीत चौथ्या मजल्यावर एक ताई राहतात. त्या नर्स आहेत आणि तेव्हा त्यांची ड्युटी कोविड वॉर्डात लागली होती. घरी सासूबाई आणि आठ वर्षांची मुलगी. आठवतंय ना, तेव्हा भीतीच वेगळी होती. परदेशातून आलेल्यांच्या डाव्या हातावर होम क्वारंटाइनचे शिक्के मारत होते आणि तो शिक्का दिसला की लोक रस्ता बदलत होते. आमच्या ग्रुपवर रोज चर्चा व्हायची. कोण बाहेर जातं, कोण कुठून येतं, कोणाला लिफ्ट वापरू द्यायची. शेवटी कमिटीतले काका मला म्हणाले, "अरे, तू कॉम्प्युटरवाला ना, एक यादी करून दे."

मी करून दिली. एक्सेल शीट. फ्लॅट नंबर, माणसं किती, साठीच्या वरचे किती, रोज बाहेर जाणारे कोण. बाहेर जाणारं कोणी असेल तर ती ओळ आपोआप लाल होणार. फॉर्म्युला लिहायला दहा मिनिटं लागली असतील. ग्रुपवर टाकली, धडाधड अंगठे आले. मला बरं वाटलं. सेवा झाली!

ताईंची ओळ लाल झाली. त्या पॉझिटिव्ह नव्हत्या. त्यांच्या घरात कोणीच पॉझिटिव्ह नव्हतं. पण माझ्या शीटमध्ये "कामावर जाते" आणि "धोका आहे" यांचा रंग एकच होता. मग त्या लाल ओळीवरून पुढचे नियम निघाले. लाल घरातल्यांनी खाली उतरायचं नाही. दूधवाला तिथे जाणार नाही. पाण्याचे जार देणारा मुलगा जार गेटवर ठेवेल, ज्याने त्याने येऊन न्यायचे. लिफ्ट बंद. यातला एकही नियम मी केला नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होतो. पण यादी माझी होती.

माझे बाबा पाडव्यासाठी गावाहून आले होते ते आमच्याकडेच अडकले. वय ६६, शुगर आहे. बावीस वर्षं न चुकता आळंदी ते पंढरपूर पायी वारी करतात. यंदा वारी होणार की नाही ते तेव्हा नक्की नव्हतं. म्हणून चालण्याची सवय सुटू नये यासाठी ते रोज संध्याकाळी पार्किंगमध्ये हातात माळ घेऊन फेऱ्या मारायचे.

त्याच आठवड्यात, ८ मेला सकाळी, औरंगाबादजवळ करमाडची ती बातमी आली. जालन्याहून भुसावळकडे रुळांवरून पायी निघालेले मजूर रात्री थकून रुळांवरच झोपले आणि पहाटे मालगाडीखाली १६ जण गेले. रुळांवर त्यांच्या पोळ्या पडल्या होत्या. बाबांनी टीव्हीवर ते पाहिलं आणि ताट बाजूला सारलं. दिवसभर कोणाशी बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फेऱ्या मारताना त्यांना गेटपाशी वीस लिटरचा एक जार दिसला. सकाळपासून तसाच होता. बाबांनी वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, चौथ्या मजल्यावरच्यांचा आहे, त्यांना खाली यायला परवानगी नाही, आणि वर कोणी नेत नाही. ताई ड्युटीवर होत्या. घरात म्हातारी बाई आणि लहान मुलगी. मे महिना, पुण्याचं ऊन.

बाबांनी जार खांद्यावर घेतला आणि जिन्याने चौथ्या मजल्यावर गेले. वाटेत दोनदा टेकले. जार दारापुढे ठेवला, बेल वाजवली, मागे सरकून जिन्यापाशी थांबले, तोंडावर उपरणं. पोरीने दार उघडल्यावर तिला लांबूनच म्हणाले, "आजीला सांग, पाणी आलंय." मग घरी आले, थेट बाथरूममध्ये गेले, साबणाने अंघोळ केली, कपडे भिजवले.

मी चिडलो. खूप बोललो त्यांना. तुमचं वय काय, तुम्हाला शुगर आहे, साठीच्या वरच्यांनी बाहेर पडायचं नाही हे रोज सांगतायत, उद्या काही झालं तर बेड मिळणार नाही. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे म्हणाले, "बरोबर आहे तुझं. आता मी आतल्या खोलीत वेगळा राहतो. आणि तुझ्या त्या यादीत आपलं घर पण लाल कर."

मंडळी, मला त्या रात्री झोप आली नाही. शीट उघडून बसलो होतो. आमच्या घराच्या ओळीवर कर्सर होता. ती लाल करताना माझा हात थांबला. का थांबला? कारण लाल झाल्यावर काय होतं ते मला माहीत होतं. म्हणजे बघा, ताईंची ओळ लाल करताना हात थांबला नव्हता, स्वतःची करताना थांबला. ३२व्या श्लोकातली मोजपट्टी हीच. ती लावायला मला माझ्या स्वतःच्या घराची ओळ लागली. त्याआधी जवळजवळ दीड महिना मी रोज पहाटे गीता वाचत होतो!

लहानपणी बाबा नाथांची गोष्ट सांगायचे. तुम्हालाही माहीत असेल. पैठणचे एकनाथ महाराज इतर यात्रेकरूंबरोबर काशीहून गंगेची कावड घेऊन निघाले होते. ते पाणी रामेश्वराला घालायचं. महिनोन् महिन्यांची पायपीट. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत होतं. नाथांनी कावड उतरवली आणि ते पाणी गाढवाला पाजलं. बरोबरचे लोक हळहळले, एवढी यात्रा फुकट गेली म्हणून. नाथांचा भाव मात्र असा की माझा रामेश्वर मला इथेच भेटला, कावड पोचली.

ही गोष्ट मी शंभर वेळा ऐकली असेल. दरवेळी मी स्वतःला नाथांच्या जागी ठेवत होतो. ऐकणारा प्रत्येक जण तेच करतो, नाही का? पण त्या गोष्टीत इतर यात्रेकरूही आहेत. तेही भक्तच होते. त्यांच्याही खांद्यावर गंगाच होती. ते वाईट नव्हते, फक्त आपली कावड सांडू नये एवढीच त्यांना काळजी होती. त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की मी त्या घोळक्यात आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घेऊ, नाहीतर याचा उलटा अर्थ निघेल. मास्क, अंतर, हात धुणं हे चुकीचं नाही. बाबांनी ते सगळं पाळलं. जार ठेवून मागे सरकले, परत येऊन अंघोळ केली, चौदा दिवस वेगळे राहिले. "देव बघून घेईल" असं म्हणून ते बेफिकीर झाले नाहीत. दुसऱ्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये ही काळजी तर त्याच श्लोकाचा भाग आहे. अंतर ठेवूनही पाणी पोचवता येतं. आम्ही सोसायटीवाल्यांनी अंतर ठेवलं आणि पाणी विसरलो. नाथांच्या महाराष्ट्रात "यांना शिवू नका" म्हणण्याची जुनी खोड आहेच. तापलेल्या वाळवंटातलं रडणारं पोर जातपात न बघता उचलून घेणाऱ्या नाथांना त्या काळी तेच ऐकावं लागलं. रोग नवा आहे, खोड तीच.

आणि आपल्या पुण्यालाही हे नवं नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये लोक आजाऱ्यांपासून पळत होते, तेव्हा सावित्रीबाई फुले मुंढव्याहून एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलाच्या, म्हणजे डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचल्या. त्यात त्यांनाच प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. वॉर्डात जाणाऱ्या प्रत्येक नर्सकडे बघताना हे आठवायला हवं होतं. मला नाही आठवलं.

दुसऱ्या दिवशी मी शीटमध्ये दोन गोष्टी केल्या. लाल रंगाचा फॉर्म्युला काढून टाकला आणि दोन नवे कॉलम टाकले : "काय हवंय?" आणि "कोण पोचवेल?" ग्रुपवर वाद झाला. एक जण ग्रुप सोडून गेले. पण दुपारपर्यंत तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी लिहिलं, बीपीच्या गोळ्या संपल्यात. कोणीतरी लिहिलं, कामवाल्या मावशींना मार्चपासून पगार पाठवलेला नाही, त्यांचा नंबर द्या. दोन पोरांनी जार वर न्यायची जबाबदारी घेतली. आधीच्या शीटमध्ये हे काहीच दिसत नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं. इंजिनिअर मंडळींना कळेल : डेटा चुकीचा नव्हता, प्रश्नच चुकीचा विचारला होता.

ताईंची माफी मागितली. जिन्यात, लांब उभं राहून. त्या फार काही बोलल्या नाहीत. "ठीक आहे. ड्युटीला उशीर होतोय," म्हणाल्या आणि गेल्या. मला वाटलं होतं काहीतरी छान बोलतील, मग माझं मन हलकं होईल. तसं झालं नाही. ते बरंच झालं. माफी माझ्या समाधानासाठी मागायची नसते हे तेव्हा कळलं.

श्लोकाकडे परत येऊ. भगवंतांनी हे सांगितल्यावर पुढच्याच श्लोकात अर्जुन काय म्हणतो? की हे मला जमेल असं वाटत नाही, मन फार चंचल आहे, वाऱ्यासारखं. किती प्रामाणिक! आणि भगवान रागवत नाहीत. मान्य करतात की मन आवरणं कठीणच आहे, पण अभ्यासाने आणि वैराग्याने जमतं. अभ्यास म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. आज चुकलं, उद्या परत मोजपट्टी लावायची. म्हणून ही पोस्ट.

यंदा माउलींच्या पादुका चालत नाही गेल्या. १३ जूनला आळंदीत मोजक्या लोकांत प्रस्थान झालं आणि काल, दशमीला, पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. बाबा टीव्हीसमोर उभे राहून बघत होते, बसले नाहीत. बस निघाली तेव्हा डोळ्याला उपरणं लावलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा ते चंद्रभागेत नसतील. त्यांच्या दिंडीने वारीसाठी जमवलेलं धान्य गावातल्या हातावर पोट असणाऱ्यांना वाटून टाकलंय. मी विचारलं, "बाबा, वाईट वाटतंय का?" म्हणाले, "वाटतंय ना. वाटणारच. पण विठोबा विटेवर उभाच आहे. पुंडलिकासाठी थांबला, आपल्यासाठी पण थांबेल."

पुंडलिक आईवडिलांची सेवा करत होता म्हणून देवाला थांबावं लागलं, हे विसरू नका. सेवा चालू असली की देवाला थांबायला चालतं.

आजचा संकल्प : तुमच्या बिल्डिंगमधलं, गल्लीतलं असं एक घर आठवा ज्याला तुमच्या मनातल्या यादीत तुम्ही लाल रंग दिलाय. पॉझिटिव्ह येऊन बरे झालेले असतील, नर्स, पोलीस, सफाई कर्मचारी असतील, नाहीतर नुसतेच न पटणारे शेजारी. आज मास्क लावून, अंतर ठेवून, नाहीतर फोनवर, एकच प्रश्न विचारा : काही हवंय का? उपास असेल तर साबुदाण्याची खिचडी थोडी जास्त करा आणि एक डबा दारात ठेवून या.

पांडुरंगा, आमची कावड सांडेल म्हणून आम्ही फार जपतो. वाटेत कोणी तहानलेलं असेल तर ते दिसू दे. आणि कावड उतरवताना हात थांबला, तर बाबांसारखं कोणीतरी आमच्या घरात असू दे.

उद्या परत दुसऱ्या अध्यायावर येऊ, जिथे थांबलो होतो तिथून. शंभरावा दिवस आहे, नक्की या.

राम कृष्ण हरी!