पूल : उपकार की देणे?

वारकरी मंडळींनो,

हट्टा हे हिंगोली जिल्ह्यात, वसमत तालुक्यातले गाव. पूर्णा नदीवर येलदरी व सिद्धेश्वर ही धरणे 1960 च्या दशकात झाली आणि कालव्याचे पाणी वसमत तालुक्यात खेळू लागले. कोरडवाहू रानात ऊस आला, हळद आली. पाण्याला कोण नाही म्हणेल? पण कालवा आला की एका शिवाराचे दोन तुकडे होतात. घर अलीकडे, वावर पलीकडे. तिथे पूल झाला की आपण चटकन म्हणतो, "मोठा उपकार झाला!" आम्हाला वाटते, इथे थोडे थांबावे.

नदी देवाने वाहती केली. तिच्यावर कोणी पूल बांधला तर तो उपकार खरा. कालवा मात्र माणसाने खणला. ज्याने वाट तोडली त्यानेच ती सांधली पाहिजे. तो उपकार नव्हे, ते देणे आहे. आणि देणे लांबवावे तसे व्याज चढते. पनामाचा जहाजांचा कालवा 1914 साली सुरू झाला. दोन महासागर जोडले गेले, पण जमीन दुभंगली. त्यावर हमरस्त्याचा मोठा उंच पूल व्हायला 1962 साल उजाडले. तोवर लोक पैलतीरी जायला फेरीबोटीची वाट पाहत. जहाजांची सोय आधी, माणसांची मागून!

दुसऱ्याला हसणे सोपे आहे. आपल्या गावात माणसामाणसांत जातीचा जो चर आहे, तो नदी की कालवा? पुष्कळ लोक म्हणत आले, तो देवानेच केला. आम्ही म्हणतो, तो खणलेला आहे, आणि फावड्याला आपल्यापैकी कित्येकांच्या वाडवडिलांचे हात लागलेले आहेत. चोखोबा जन्मभर देवळाबाहेर उभे राहिले. मंगळवेढ्याहून त्यांच्या अस्थी आणून महाद्वारापाशी समाधी दिली ती नामदेवरायांनी, आपल्या नर्सीच्या. तरी ते दार सर्वांना उघडायला साने गुरुजींचे 1947 चे उपोषण लागले. केवढे हे व्याज!

म्हणून कोणाला पंगतीला शेजारी बसवले, तर "आम्ही मोठेपणा केला" असे मनातही आणू नये. देणे फेडणाऱ्याने मान खाली घालावी. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो; तिथे कोणी जात विचारत नाही. मग गावी परतल्यावर, वेशीच्या आत, ते पाय का आठवत नाहीत? वारी पुरी झाली की नाही, याचा हिशेब पंढरीत नव्हे, तिथे द्यायचा आहे.

रामकृष्णहरि.