उडता येतं, पण उतरताही आलं पाहिजे

एव्हरेस्टच्या माथ्यावरून पॅराग्लायडिंग करत खाली येता येईल का, या प्रश्नाचं उत्तर २६ सप्टेंबर १९८८ रोजीच मिळालं. फ्रान्सचा गिर्यारोहक ज्याँ-मार्क ब्वाव्हँ त्या दिवशी एव्हरेस्टवर पोचला, बर्फाच्या उतारावर धावत गेला आणि सुमारे बारा मिनिटांत कॅम्प दोनवर उतरला. पॅराग्लायडिंग हा खेळच तेव्हा जेमतेम दहा वर्षांचा होता. पुढे २००१ मध्ये बर्त्राँ आणि क्लेअर रोश हे फ्रेंच दांपत्य एकाच ग्लायडरखाली एव्हरेस्टवरून उडालं. २०११ मध्ये नेपाळच्या लाक्पा छिरी शेर्पा आणि सानोबाबू सुनुवार यांनीही तेच केलं.

म्हणजे शक्य आहे. पण एव्हरेस्टचा माथा आजवर हजारो वेळा गाठला गेला आणि तिथून उडालेली माणसं मात्र बोटांवर मोजता येतील एवढीच. पस्तीसहून अधिक वर्षांपूर्वी सिद्ध झालेली गोष्ट अजून इतकी दुर्मीळ का, हा मला जास्त मोलाचा प्रश्न वाटतो.

विरळ हवेत ग्लायडर तरंगतच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो खरा नाही. २०१६ मध्ये आंत्वान जिरार हा फ्रेंच पायलट काराकोरममध्ये खालून उडून, वर चढणाऱ्या हवेच्या आधाराने ८,१५७ मीटरपर्यंत गेला आणि ब्रॉड पीकच्या माथ्यावरून पार झाला. तेव्हा तरंगण्याची अडचण नाही. अडचण आहे ती जमीन सोडण्याच्या त्या काही पावलांची.

एव्हरेस्टच्या माथ्यावर हवेची घनता समुद्रसपाटीच्या चाळीस टक्क्यांच्या आसपास असते. तेवढ्याच वजनाला तेवढाच आधार मिळवायचा तर ग्लायडरला साधारण १.६ पट वेग लागतो. कामशेतच्या टेकडीवर ताशी पंचवीस किलोमीटरला जे ग्लायडर उचलून घेतं, त्याला तिथे चाळिसाच्या जवळपास वेग हवा. समोरून वारा नसेल तर हा वेग पायांनी गाठायचा; आणि तिथे तर एका पावलामागे चार-पाच श्वास घ्यावे लागतात. वारा असेल तर धावणं वाचतं, पण तोच वारा जरा वाढला की अरुंद धारेवर पसरलेलं कापड आणि त्याला बांधलेला माणूस दोघांनाही फरफटत नेतो. कामाचा वारा आणि घातकी वारा यांच्यात तिथे फारच थोडं अंतर असतं.

त्यात ओझ्याचं गणित आहे. वर न्यायचं म्हणून ग्लायडर हलकं घ्यायचं. आज किलो-दीड किलोचीही मिळतात. पण वजन वाचवायला आकार लहान केला की त्याला आणखी वेग लागतो. दोऱ्यांचा गुंता सोडवायला जाड हातमोजे आड येतात आणि ते काढले तर बोटं गोठतात. शिवाय हे सगळं ठरवायचं ते प्राणवायूअभावी मंदावलेल्या मेंदूने.

ग्लायडरच्या बाजूनेही एक वजनदार मुद्दा आहे. उंच शिखरांवरचे कितीतरी मृत्यू उतरताना होतात. ऑगस्ट २००८ मध्ये के-२ वर अकरा जण गेले, त्यातले बहुतेक उतरतानाच. हिमकडा कोसळून दोर तुटले आणि वरची माणसं अडकली. हवेतून तो धोक्याचा टप्पा काही मिनिटांत मागे पडतो, मग ग्लायडर हे जीव वाचवणारं साधन का मानू नये? कारण त्या दिवशी अनेक जण माथ्यावर पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती आणि उतरताना अंधार. अंधारात, थकलेल्या अंगाने तिथे कोण उडणार? माणूस सर्वांत जास्त अडचणीत असतो, नेमकं तेव्हाच हे साधन निरुपयोगी ठरतं. हवा स्वच्छ, अंगात त्राण आणि हाती वेळ असेल तेव्हा ते कामाला येतं. पण अशा दिवशी पायी उतरणंही त्यातल्या त्यात सोपं असतं.

बेंजामिन व्हेद्रिन या फ्रेंच गिर्यारोहकाची गोष्ट इथे बोलकी आहे. २०२२ मध्ये तो ब्रॉड पीकवर विक्रमी वेगाने चढला आणि माथ्यावरून उडून खाली आला. त्याच मोसमात के-२ वर मात्र प्राणवायूअभावी त्याची शुद्ध हरपू लागली आणि इतरांच्या मदतीने त्याला परतावं लागलं. जुलै २०२४ मध्ये तो पुन्हा गेला, कृत्रिम प्राणवायूशिवाय अकरा तासांच्या आत के-२ चढला आणि माथ्यावरून उडाला. माणूस तोच, कौशल्य तेच. तरी एका मोसमात एका डोंगराने जे दिलं ते शेजारच्या डोंगराने नाकारलं.

म्हणून ‘शक्य’ हा गुण शिखराचा नाही आणि साधनाचाही नाही. वारा, बर्फ, शरीर आणि घड्याळ ही चारही ज्या दिवशी एकाच बाजूला येतात, त्या दिवसाचा तो गुण आहे. असा दिवस आपल्या वाट्याला येईलच, असं धरून चढाई आखता येत नाही. पाठीवर ग्लायडर आहे म्हणून उतरण्यासाठीची ताकद चढतानाच खर्च करणारा माणूस आपला जीव हवामानाकडे गहाण टाकतो.

शिखरावरून उडण्याला माझा विरोध नाही. पायी उतरणाराच खरा गिर्यारोहक, हा सोवळेपणाही मला पटत नाही; माथा गाठल्यावर खाली कसं यायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. अट एकच असावी. जो त्या शिखरावरून पायी उतरू शकतो आणि ग्लायडर पुन्हा पाठीला बांधून मुकाट्याने तसं उतरायची ज्याची तयारी आहे, त्यानेच ते वर न्यावं. उडण्याचा अधिकार न उडण्याच्या तयारीतून येतो. ती नसेल त्याने ग्लायडर बेस कॅम्पवरच ठेवावं.