पारोसा

परवा आमच्या घरात एक टॉवेल फितूर झाला.

झालं असं, की आमचे नातू, वय वर्षं नऊ, इयत्ता चौथी, सकाळी यथासांग आंघोळ आटोपून बाहेर आले. यथासांग म्हणजे दाराला आतून कडी होती, शॉवरचा आवाज चांगला दहा मिनिटं चालला होता, मधूनमधून गाणंही ऐकू येत होतं. बाहेर आले तेव्हा केस ओले होते, कपाळावरून एक थेंब नाकाच्या शेंड्यापर्यंत ओघळला होता आणि चेहऱ्यावर काशीयात्रा करून परतलेल्या माणसाचं समाधान होतं. एवढा चोख पुरावा असताना संशयाला जागाच नव्हती. पण सूनबाईंनी दांडीवरचा टॉवेल सहज हातात घेतला, आणि तो ठणठणीत कोरडा निघाला. मग साबणाची साक्ष काढण्यात आली. तोही आदल्या दिवसापासून पाण्याला शिवलेला नव्हता.

"आंघोळ केलीस?"

"केली."

"मग टॉवेल कोरडा कसा?"

"मी पंख्याखाली वाळलो."

खटला घरच्या खंडपीठापुढं उभा राहिला. आमचे चिरंजीव शिस्तीवर बोलले. ते स्वतः रविवारी दुपारी दोनपर्यंत पारोसे असतात, पण न्यायाधीशाच्या खाजगी आयुष्यात आपण डोकावू नये. आमच्या सौभाग्यवतींनी आरोपीचं वकीलपत्र घेतलं. "एक दिवस नाही केली आंघोळ तर काय पोराच्या अंगाला बुरशी येणार आहे?" असा त्यांचा सवाल. याच बाईंनी चाळीस वर्षांपूर्वी चिरंजीवांना मोरीत धरून वजरीनं असं घासलं होतं, की शेजारी चौकशीला आले होते. आईची आजी झाली की कायद्याची कलमं बदलतात, हेच खरं.

शेवटी सगळे माझ्याकडं वळले. "बाबा, तुम्ही सांगा ना त्याला काहीतरी!"

मी गप्प. लोकांना वाटलं, आजोबा विचार करताहेत. खरी गोष्ट अशी, की मला शॉवर सुरू झाल्यापासूनच सगळं कळलं होतं. फरशीवर पडणाऱ्या पाण्याचा आवाज वेगळा आणि अंगावर पडणाऱ्या पाण्याचा वेगळा. फरशीवरचं पाणी एका सुरात पडतं. अंगावरचं खांद्यावर अडतं, कोपरावरून घसरतं, मधेच थांबतं. हा फरक जाणकारालाच कळतो, आणि या विषयात मी जाणकार आहे. कारण नातवानं वापरलेली पद्धत मुळात माझी आहे. त्यानं फक्त तिचं शॉवरमध्ये रूपांतर केलं.

आमच्या लहानपणी न्हाणीघरात तांब्याचा बंब, त्याखाली चिपाडांचा धूर, शेजारी घंगाळ आणि तांब्या. थंडीच्या दिवसांत मी एक तांब्या डोक्यावरच्या केसांपुरता वापरत असे आणि बाकीचे वेगवेगळ्या उंचीवरून दगडी फरशीवर ओतत असे. सोबत दात वाजवत 'हर हर गंगे'. शेवटी पंचा पाण्यात बुडवून, पिळून, वर वाळत घालायचा. नातवाचं नेमकं इथं चुकलं. नवी पिढी हुशार आहे, पण मेहनतीला कमी पडते.

मधल्या वेळात सूनबाईंनी फोनवर शास्त्राधार शोधला होता. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेचं म्हणणं असं, की सहा ते अकरा वर्षांच्या मुलांनी आठवड्यातून निदान एकदोनदा आंघोळ करावी. वयात येऊ लागल्यावर मात्र रोज. त्याला कारणही आहे. काखेतल्या ज्या ग्रंथींमुळं मोठ्या माणसांच्या घामाला वास येतो, त्या वयात येईपर्यंत कामालाच लागत नाहीत. शिवाय फार साबण चोळला तर कातडीवरचं नैसर्गिक तेल निघून जातं आणि ती कोरडी पडते. हे ऐकून आरोपीला अमेरिकेविषयी अतोनात प्रेम वाटू लागलं. पण त्याच सल्ल्यात पुढं असंही होतं, की मूल मातीत खेळलं, पोहून आलं किंवा घामाघूम झालं तर त्या दिवशी आंघोळ हवीच. आता आपल्याकडं खेळणारं मूल फेब्रुवारीपासून ऑक्टोबरपर्यंत घामाघूमच असतं. उरलेले तीन महिने ते मातीत असतं. म्हणजे अमेरिकेनं एका हातानं दिलेली सवलत दुसऱ्या हातानं काढून घेतली.

पण शास्त्राचा प्रश्न सोपा असतो हो. आमच्या घरात आंघोळ कधी शास्त्रासाठी नव्हतीच. आमची आजी 'पारोसा' हा शब्द अशा काही आवाजात उच्चारायची, की आपल्याला एखादा रोग झालाय असं वाटावं. पारोसा म्हणजे घाणेरडा नव्हे बरं का. आदल्या रात्री तुम्ही डोक्यापासून पायापर्यंत घासूनपुसून झोपलात, तरी सकाळी उठलात की पारोसेच. आणि मानेवर मळाची पुटं असली, तरी दोन तांबे ओतले की तुम्ही शुद्ध. ओतताना गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू आणि कावेरी अशा सात नद्यांना तांब्यात बोलवायचं. साती जणी येत असत. साबण मात्र आठवड्यातून एकदाच यायचा.

ही शुद्धी आणि स्वच्छता, दोघी जावाजावा. एका घरात राहतात, पण एकमेकींशी बोलतीलच असं नाही. १८४७ साली व्हिएन्नाच्या एका रुग्णालयात सेमेलवाईस नावाच्या डॉक्टरच्या ध्यानात आलं, की बाळंतिणी तापानं मरतात त्याला डॉक्टरांचेच हात कारण आहेत. ही मंडळी शवविच्छेदन करून तशीच प्रसूतीच्या खोलीत येत. त्यानं क्लोरीनच्या पाण्यानं हात धुण्याची सक्ती केली आणि मृत्यू झपाट्यानं कमी झाले. पण कित्येक बड्या डॉक्टरांना राग आला. आमच्यासारख्या सभ्य गृहस्थांचे हात घाणेरडे? त्यांची आंघोळ झालेली होती, कपडे परीटघडीचे होते. हात मात्र माणसं मारत होते. तात्पर्य, लेकराच्या आंघोळीवर रोज महाभारत घडवण्यापेक्षा जेवणाआधी आणि शौचानंतर ते साबणानं हात धुतं की नाही, हे पाहणं जास्त अगत्याचं. २०२० साली करोनानं तेवढा धडा साऱ्या जगाला गिरवायला लावला.

आता तुम्ही म्हणाल, एवढं जर कळतं, तर नातवाला चार शब्द सांगून मोकळं व्हावं. तेच जमत नव्हतं. कारण मला १९७३ चा जानेवारी आठवत होता.

१९७२ साली पावसानं दगा दिला तेव्हा आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी होतो. मी पाचवीत. गावातल्या बहुतेक विहिरींनी तळ गाठला होता. बायाबापडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते, पोरांना सुकडी मिळत होती. आमच्या वाड्यातल्या आडाला मात्र पाणी होतं. आई ते मोजून शेंदायची. दोघा भावांत मिळून एक बादली. सकाळची थंडी मोठी कडाक्याची. मी आपल्या वाट्याचं पाणी नेहमीच्या पद्धतीनं फरशीला अर्पण करून, ओल्या केसांचा भांग पाडून शाळेत जात असे.

शाळेत प्रार्थनेनंतर तपासणी असायची. नखं, दात, मान, कान. त्या दिवशी गुरुजींनी मला पुढं बोलावलं आणि माझ्या ओल्या केसांवरून हात फिरवून वर्गाला म्हणाले, "बघा, याला म्हणतात स्वच्छ मुलगा." मग ते शेवटच्या बाकाशी गेले. तिथं एक मुलगा बसायचा. त्याचे आईवडील खडीच्या कामावर होते. अंगावर त्याच खडीची पांढरी धूळ.

"आंघोळ केलीस का रे?"

"न्हाई गुर्जी. पानी न्हवतं."

एवढंच बोलला. मान खाली घालून नव्हे. वेळ विचारल्यावर वेळ सांगावी तसं. गुरुजींनी त्याला घरी पाठवलं. आंघोळ करून ये म्हणाले. कशानं, ते काही म्हणाले नाहीत. गुरुजी दुष्ट नव्हते. पुस्तकातला स्वच्छतेचा धडा त्यांना शिकवायचा होता, आणि पुस्तकात दुष्काळ नव्हता.

ज्याच्याकडं पाणी होतं आणि ज्यानं ते ओतून दिलं, तो आदर्श. ज्याच्याकडं नव्हतं आणि ज्यानं तसं सांगितलं, तो घाणेरडा. मला हे तेव्हाही कळलं होतं. अकरा वर्षांच्या मुलाला एवढं कळतं. मी बोललो नाही. दोन दिवसांनी तो परत आला आणि जागा नव्हती म्हणून आमच्या बाकावर बसला, तेव्हा पोरं सरकली. मीही सरकलो. फार नाही, वीतभर. पण ती वीत मला अजून मोजता येते.

पुढं वाचनात आलं, की २० मार्च १९२७ ला महाडला डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, आणि नंतर गावातल्या सुस्नात मंडळींनी शेण-गोमूत्र ओतून ते तळं 'शुद्ध' केलं. पाण्यात शेण कालवून पाणी शुद्ध होतं, हे मानायला माणसाचं डोकं किती स्वच्छ धुतलेलं असावं लागत असेल! आणि तिकडं गाडगेबाबा. अंगावर चिंध्यांचा अंगरखा, हातात खराटा. गावात शिरले की आधी गाव झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. आमच्या वर्गात आले असते तर तपासणीत नापास होऊन घरी गेले असते, आणि जाताना शाळेचं आवार झाडून गेले असते.

तेव्हा मूल स्वच्छ राहावं हे ठीकच. पण 'स्वच्छ' हा शब्द आपण मुलांना शिकवतो तेव्हा त्याच्या शेपटाला बांधलेला 'घाणेरडा' हाही शिकवत असतो, आणि तो कुणाकडं बोट दाखवून वापरायचा, हे मूल आपल्याकडं बघून ठरवतं. आंघोळ ही एक सवय आहे, दात घासण्यासारखी. तिला सद्गुण म्हटलं की ती न करणारा आपोआप पापी ठरतो, आणि करणाऱ्याला खोटं बोलण्याची सोय होते.

नातवाला संध्याकाळी गच्चीत नेलं आणि हे सगळं सांगितलं. तळं आणि खराटा वगळला. वीत वगळली नाही. त्यानं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "आजोबा, तुम्ही ओतलेलं पाणी जायचं कुठं?"

"परसातल्या अळूला."

"मग अळूची तरी रोज आंघोळ व्हायची," तो म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "आमच्या शॉवरचं नुसतं गटारात जातं."

दहा मिनिटांच्या शॉवरला चार-पाच बादल्या सहज जातात. मी तो हिशेब सांगणार होतो, पण राहू दिला. पोरगा बहुधा तोच करत होता.

मग आमचा करार झाला. कलम एक : हात, पाय, तोंड रोज, विनातक्रार. कलम दोन : आंघोळ बादलीनं. कलम तीन : करायची नसेल तर तसं सांगायचं. खोटं पाणी ओतायचं नाही. कलम चार : वर्गात कुणी सरकलं, तर आपण सरकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब बैठकीच्या खोलीत येऊन उभे राहिले आणि सर्वांसमक्ष म्हणाले, "आज मी पारोसा आहे. खरं सांगतोय." माझा ऊर भरून आला. सूनबाईंनी मात्र त्याची मान हुंगली आणि तशीच धरून त्याला आत नेलं. सत्याचाच विजय होतो, पण आंघोळीनंतर.

कडी लागली. नळ सुरू झाला, बादली भरली, मग तांब्या वाजला. मी पेपर खाली ठेवला आणि कान दिला.

पाणी खांद्यावर अडलं, कोपरावरून घसरलं, मधेच थांबलं. अंगावर पडत होतं.