अर्धा होकार

सार्वजनिक पैसा कोणास द्यावा, या प्रश्नावर आपल्यापैकी अनेकांच्या सह्या रोज होत असतात. त्यामागील नीतीचा विचार मात्र क्वचितच होतो. वर्षानुवर्षे हरणाऱ्या महाविद्यालयीन फुटबॉल संघाचे अनुदान चालू ठेवणे, ही उदारता की उधळपट्टी? प्रश्न लहान दिसतो; पण न्याय म्हणजे काय, या मोठ्या प्रश्नाचेच ते एक रूप आहे.

बंगळूरच्या शिवाजीनगराचे नाव ऐकताच मराठी मनाला आपलेपणा वाटतो. हे शहर एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होते. ब्लॅकपल्ली या जुन्या नावाची ही वस्ती पुढे इंग्रजांच्या छावणीत मोडू लागली, आणि छावणीने या भागास फुटबॉलचा छंद लावला. १८९१ पासून ब्रिटिश पलटणींकडेच जाणारा मुंबईचा रोव्हर्स चषक १९३७ साली प्रथम एका भारतीय संघाने जिंकला, तो ‘बंगळूर मुस्लिम्स’ने. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये फ्रान्सविरुद्ध स्वतंत्र भारताचा पहिला गोल नोंदविला, तो बंगळूरच्याच सारंगपाणी रामन यांनी. १९६८-६९ मध्ये म्हैसूरने संतोष चषक पटकावला. त्यानंतर कर्नाटकास तो पुन्हा लाभावयास २०२३ साल उजाडावे लागले. मधल्या चोपन्न वर्षांत कोणी केवळ निकालांचा हिशेब मांडला असता, तर हा खेळ बंद करण्याची शिफारस त्याला सहज करता आली असती.

आता याच परिसरातील एखाद्या महाविद्यालयाची कल्पना करू. मैदान भाड्याचे, मार्गदर्शक तात्पुरता, बूट मुलांच्या पदरचे. अनुदान मंजूर होते, पण हंगाम संपल्यावर. संघ पहिल्याच फेरीत बाद होतो, आणि पुढील वर्षी त्याच पराभवाचा दाखला देऊन रकमेत कपात होते.

उत्तम बासरी उत्तम वादकास द्यावी, असे ॲरिस्टॉटल म्हणतो. तत्त्व निर्दोष वाटते. परंतु ज्याच्या हाती बासरी कधी आलीच नाही, तो उत्तम वादक आहे की नाही, हे ठरवावे कसे? गुणवत्तेची परीक्षा घेणाऱ्याने आधी साधने पुरविली पाहिजेत. एरवी ती परीक्षा गुणांची नसून दारिद्र्याची ठरते.

याउलट बाजूही दुबळी नाही. क्रीडाशुल्क सर्व विद्यार्थी भरतात आणि खेळतात मोजकेच. तोच पैसा ग्रंथालयास किंवा प्रयोगशाळेस दिला, तर अधिक जणांचे हित साधेल, असे म्हणणाऱ्या प्राचार्यास कोणी हृदयशून्य म्हणू नये. साधने मोजकी असताना एखादा संघ विसर्जित करणे हाही न्याय्य निर्णय असू शकतो. मात्र तो कारणे सांगून, उघडपणे आणि हंगामापूर्वी घेतलेला असावा.

अन्याय होतो तो या दोहोंच्या मधल्या वाटेवर. ‘नाही’ म्हणण्याचा वाईटपणा नको आणि ‘होय’ म्हणण्याची जबाबदारीही नको, म्हणून प्रकरण विचाराधीन ठेवावयाचे. थोडे द्यावयाचे, उशिरा द्यावयाचे, आणि अपयशाचे खापर खेळणाऱ्यांच्या माथी फोडावयाचे. या अर्ध्या होकारात कृपणपणाला दातृत्वाचे श्रेय मिळते आणि मुलांच्या पदरी मात्र अपात्रतेचा शिक्का येतो. स्पष्ट नकार मिळालेला मुलगा दुसरे मैदान शोधू शकतो. अर्ध्या होकारावर विसंबलेल्याला ती मोकळीकही उरत नाही.

पैसा देणे नेहमीच अधिकाऱ्याच्या हाती नसते. तथापि मैदानाचे आरक्षण वेळेवर करणे, सामन्यामुळे बुडालेली हजेरी भरून देणे, मंजूर रक्कम हंगामाच्या आरंभी पोहोचविणे, यांस तिजोरीतून जादा पैसा लागत नाही. लागते ती केवळ तत्परता. म्हणूनच ‘निधी नाही’ ही सबब पैशाबाबत खरी असली, तरी तत्परतेबाबत लटकी ठरते.

कचेरीतील कागदास वय नसते. तो पुढील वर्षीही तितकाच ताजा राहतो. पदवीच्या विद्यार्थ्याचे हंगाम मात्र बहुधा तीनच असतात. एक वर्ष प्रलंबित राहिलेली सही त्याच्या खेळाचा एकतृतीयांश भाग घेऊन जाते, आणि तो कोणत्याही पुरवणी अर्थसंकल्पातून परत करता येत नाही.