शोभा आणि भार

मनुष्याच्या इच्छेला उघडें फिरण्याची लाज वाटते. ती कोठेंहि निघाली तरी आधीं गरजेचें वस्त्र पांघरते आणि मगच चारचौघांत येते. ‘मला हें हवेंसें वाटतें’ असें सरळ म्हणणारा माणूस आम्हांस क्वचितच भेटला. ‘हें घेणें भागच आहे’ असें म्हणणारे मात्र पदोपदीं भेटतात, आणि खरें सांगावयाचें तर आरशांतहि भेटतात. हा विचार आम्हांला एखाद्या ग्रंथाच्या वाचनानें सुचला असता तर सांगावयास बरें दिसलें असतें. परंतु तो सुचला मोटारीच्या चाकांवरून, आणि तोहि घरच्या मंडळींनीं आमची चोरी पकडल्यावर.

गेल्या दसऱ्याला आमच्या घरीं नवी मोटार आली. मध्यम स्थितींतील कुटुंबानें करावा तसा हिशेब करून आम्हीं त्या गाडीच्या प्रकारांपैकीं खालच्या पायरीवरचा प्रकार निवडला होता. यंत्र तेंच, सांगाडा तोच. फरक इतकाच कीं, चाकें साध्या काळ्या पोलादाचीं आणि त्यांवर प्लास्टिकचीं चंदेरी झांकणें. वरच्या पायरीच्या गाडीला अलॉय व्हील, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचीं ओतीव चाकें, मिळतात. गाडीची पूजा होऊन नारळ फुटतो न फुटतो तोंच चिरंजीवांनीं प्रश्न काढला कीं, चाकें बदलावयाचीं केव्हां?

त्यांचीं कारणें तयार होतीं. मिश्रधातूचीं चाकें हलकीं, म्हणून पेट्रोल वांचतें. आऱ्यांमधून वारा खेळतो, म्हणून ब्रेक थंड राहतात. गाडी वळणावर अधिक स्थिर राहते. आम्हीं वडीलकीच्या गांभीर्यानें हें सारें ऐकलें आणि पुढें गाडी विकावयाची झाल्यास किंमत चांगली येईल, असें चौथें कारण आपल्या पदरचें घातलें. दहा मिनिटांत आम्हां बापलेकांनीं असा भक्कम खटला उभा केला कीं, पोलादी चाकांवर गाडी चालविणें हा निव्वळ अविचारच ठरावा. पलीकडे शेंगा निवडीत बसलेल्या सौभाग्यवती मान वर न करितां म्हणाल्या, “अहो, छान दिसतात म्हणूनच घ्यायचीं आहेत ना? मग तसें म्हणा कीं! पेट्रोलला कशाला मध्यें घेतां?”

त्या एका वाक्यानें खटला पुन्हां चौकशीस काढणें आम्हांस प्राप्त झालें. आधीं वजनाचाच मुद्दा घेऊं. एका घन सेंटिमीटर पोलादाचें वजन सुमारें ७.८ ग्रॅम भरतें, तर अ‍ॅल्युमिनियमचें अवघें २.७ ग्रॅम. एवढ्यावरून चाक एकतृतीयांश वजनाचें होईल असें कोणासहि वाटेल. परंतु अ‍ॅल्युमिनियम पोलादाइतकें बळकट नसल्यामुळें तें जाड ओतावें लागतें, आणि बाजारांतील साध्या ओतीव चाकाच्या बाबतींत हा फरक पुष्कळदां किलो-दोन किलोंवर येतो. व्यास वाढविला तर तोहि नाहींसा होतो. शर्यतीच्या मैदानावर या फरकाला मोल आहे. सात रस्त्यावरून नव्या पेठेंत भाजीला जाणाऱ्याला तो जाणवेल, असें शपथेवर सांगणें कठीण. उलट पोलादाच्या बाजूनें एक साक्ष अशी कीं, खड्ड्यांत आदळल्यावर पोलादी रिम बहुधा वांकते आणि थोडी वांकली असेल तर जाणता कारागीर ती ठोकून सरळ करतो. ओतीव मिश्रधातु अशा वेळीं तडकण्याचा संभव असतो, आणि तडकलेलें चाक जोडून घेऊन त्यावर माणसें बसविणें शहाणपणाचें नव्हे. म्हणजे उपयुक्ततेच्या न्यायालयांत आमच्या बाजूस फार तर बरोबरीचा निकाल मिळाला असता.

याचा अर्थ हें चाक जन्मापासूनच नटवें होतें असा नाहीं. १९२४ सालीं फ्रान्समधील लियाँच्या शर्यतींत बुगाटी कंपनीनें आपली ‘टाइप ३५’ ही गाडी उतरविली. तिचीं चाकें अ‍ॅल्युमिनियमचीं ओतीव होतीं, त्यांना आठ चपटे आरे होते, आणि ब्रेकचा ड्रम चाकाशींच एकजीव केलेला होता. वजन घटावें व ब्रेकची उष्णता निघून जावी, हा त्यांतील हेतु. पुढें शर्यतीच्या गाड्यांना त्याहूनहि हलक्या मॅग्नेशियमचीं चाकें आलीं. पण तो धातु लवकर खराब होणारा, म्हणून रोजच्या वापराच्या गाड्यांवर अ‍ॅल्युमिनियमच टिकलें. आपल्याकडील पुष्कळ टायरवाले आजहि या चाकांना ‘मॅग व्हील’ म्हणतात. वस्तुतः त्यांच्या नेहमींच्या मिश्रणांत सुमारें सात टक्के सिलिकॉन असतें आणि मॅग्नेशियम अर्धा टक्काहि नसतें. ज्या गरजेनें चाक जन्मास आलें ती गरज शर्यतीच्या मैदानावरच राहिली. तिचें नांव आणि तिचें रूप मात्र आमच्या दारापर्यंत आलें. मनुष्याच्या कित्येक रीतिरिवाजांची कथा याहून निराळी नाहीं.

तर मग आम्हांला हवें होतें तें रूप. पण रूप हवेंसें वाटण्यांत लाजण्यासारखें काय आहे? बेंदुराच्या दिवशीं शेतकरी बैलाचीं शिंगें रंगवितो, त्यांना गोंडे बांधतो, पाठीवर झूल घालतो. शिंगें रंगविल्यानें बैल अधिक नांगरतो असें तो कोणालाहि सांगत नाहीं. त्याला कारणाची गरजच पडत नाहीं, कारण त्याचें प्रेम उघड आहे. कारणें शोधावीं लागतात तीं आम्हां शिकलेल्यांना. आम्हीं हौसेला उधळेपणाची बहीण मानलें, काटकसरीला सर्व सद्गुणांची माता ठरविलें, आणि मग हौस भागवावयाची झाली म्हणजे ती काटकसरीच्याच नांवानें भागवूं लागलों. हौस करणें हा दोष फार तर लहान. तिचें नांव बदलणें हा दोष त्याहून मोठा, कारण त्यांत मनुष्य प्रथम स्वतःलाच फसवितो.

चाकाच्या शोभेंत आणखी एक चमत्कारिक गोष्ट आहे. गाडींत बसणाऱ्याला ती कधींच दिसत नाहीं. आंतील गादीचें सुख आपण भोगतों, पण धांवत्या चाकाचें सौंदर्य पाहतो तो रस्त्याच्या कडेचा मनुष्य. यावरून कोणी म्हणेल कीं, हा केवळ दुसऱ्याला दिपविण्याचा खटाटोप. असेलहि. परंतु दारापुढची रांगोळीहि घरांतल्या माणसांपेक्षां वाटसरूच अधिक पाहतो, आणि तिला आपण मिरवणें म्हणत नाहीं. जी शोभा आपण निर्माण करून विसरून जातों ती रस्त्याला दिलेली देणगी असते. जी निर्माण करून आपण खिडकींतून कोणी पाहिलें का म्हणून पाहत राहतों ती मिरवणूक असते. दोहोंतील भेद चाकांत नाहीं, मालकाच्या मानेंत आहे.

मात्र रांगोळी आणि चाक यांत एक मोठें अंतर आहे. रांगोळीवर कोणाचा भार नसतो. चाकावर माणसें असतात. म्हणून चाकाच्या शोभेला एक अट आपोआप लागू होते. ही अट आम्हांला आमच्याच गाडीवरील प्लास्टिकच्या झांकणांनीं शिकविली. तीं झांकणें दुरून मिश्रधातूच्या आऱ्यांसारखीं दिसतात. पण तो आरा कांहींहि पेलत नाहीं. पेलणारें पोलाद त्याच्या आड मुकाट्यानें काळें राहून आपलें काम करीत असतें. रस्किननें १८४९ सालच्या आपल्या ‘सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथांत इमारतींतील खोटेपणाचे तीन प्रकार सांगितले आहेत: खऱ्या आधाराहून निराळा आधार भासविणें, एका पदार्थाला रंगवून दुसरा भासविणें, आणि सांच्यांतून अथवा यंत्रानें काढलेले अलंकार वापरणें. आमचीं झांकणें पहिल्या दोन्ही कलमांखालीं बिनतक्रार दोषी ठरतात. तिसऱ्या कलमाखालीं मात्र रस्किन आमच्या ओतीव चाकांनाहि शिक्षा सांगेल, आणि तेथें आमचा त्याच्याशीं मतभेद आहे. सोलापूरकराला यंत्रावरची शोभा खोटी कशी वाटावी? आमच्या चादरीवरची वेलबुट्टी जॅकार्डच्या मागावर, छिद्रांच्या पट्ट्यांच्या हुकुमानें उठते. तरी ती कापडावर छापलेली नसते. ज्या सुतांनीं ऊब द्यावयाची त्याच सुतांनीं ती विणलेली असते. म्हणूनच चादर उलटली तरी नक्षी नाहींशी होत नाहीं, फक्त रंगांची अदलाबदल होते. खऱ्या शोभेची आमची कसोटी हीच कीं, ती काढून टाकूं म्हटल्यास वस्तूच मोडली पाहिजे. मिश्रधातूच्या चाकाचा आरा हा अलंकार खरा, पण गाडीचा भारहि तोच वाहतो.

आणि जी शोभा भार वाहते तिनें आधीं भार वाहण्याची परीक्षा दिली पाहिजे. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वराच्या यात्रेंत बाराबंदी घातलेला एकटा मनुष्य साज चढविलेला उंच नंदीध्वज तोलून चालतो, तेव्हां पाहणारांचे डोळे साजाकडे असतात. परंतु त्याआधीं कित्येक दिवस तो सराव करीत असतो. चाकांच्या बाजारांत हा सराव विसरला जातो. आमच्या परिचयांतील एका गृहस्थांनीं दोन वर्षांपूर्वीं प्रसिद्ध कंपनीच्या चाकांची हुबेहूब नक्कल स्वस्तांत मिळते म्हणून घेतली, आणि ती मूळच्या चाकांहून दोन इंच मोठीहि घेतली. पंढरपूरच्या वाटेवर, वृद्ध मातोश्री मागें बसलेल्या असतां, उसाच्या गाड्यांनीं खचलेल्या रस्त्यावर पुढचें चाक आदळलें आणि आरा मुळापासून तडकला. वेग कमी होता, म्हणून अनर्थ टळला. मातोश्रींनीं तीं चाकें धड पाहिलींहि नव्हतीं. शोभा पाहणारे रस्त्यावर होते. भार सोसणारी आंत होती. हें ऐकल्यापासून नकली चाकाकडे आम्हांला केवळ कंजुषीची वस्तु म्हणून पाहवेना. दुसऱ्याच्या जिवावर केलेली ती आपली हौस होती.

म्हणून आम्हीं इच्छा तर कबूल केली, पण तिला अटी घातल्या. कारखान्यानें सांगितलेल्या मापाबाहेर जावयाचें नाहीं, ही पहिली. पंधरा इंचांच्या चाकावरील १८५/६५ मापाचा टायर आणि सोळा इंचांवरील १९५/५५ मापाचा टायर यांचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच, सुमारें ६२१ मिलिमीटर, येतो. म्हणून वेगदर्शक कांटा फसत नाहीं आणि दुकानदार ‘कांहीं फरक पडत नाहीं’ असें म्हणूं शकतो. पण रिमेपासून रस्त्यापर्यंतच्या रबराची उंची १२० मिलिमीटरवरून १०७ वर येते. धक्का सोसण्यासाठीं असलेली तेवढी जागा धातूच्या थाटाला दिली जाते. आमच्याकडचे गतिरोधक व खड्डे पाहतां तें दान आम्हांला परवडणारें नव्हतें. आम्ही पंधरावरच थांबलों. दुसरी अट मापांची. नटांचीं भोकें ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, मधल्या भोकाचा व्यास, चाक आंत-बाहेर किती बसतें तें अंतर, आणि एका चाकानें पेलावयाचा भार, हीं चारहि मापें गाडीशीं जुळलींच पाहिजेत. ‘बसवून देतों’ या आश्वासनावर भागत नाहीं. तिसरी अट खुणेची. भारत सरकारनें २०२० सालीं चाकांच्या रिमांसाठीं गुणवत्ता-नियंत्रणाचा हुकूम काढला. चांगल्या चाकाच्या नमुन्याला वळणाचा ताण देऊन फिरवितात, भाराखालीं सतत धांववितात, आणि वरून वजन टाकून त्याचा आघात पाहतात. भारतीय मानकाची खूण नाहीं तें चाक कितीहि देखणें असलें तरी आम्हीं हातांत घेतलें नाहीं.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि येथेंच सौभाग्यवतींच्या वाक्याचें खरें मोल आम्हांस कळलें. एखाद्या खर्चाला गरज म्हटलें कीं तो घराच्या नांवावर पडतो, आणि सर्वांनीं मिळून तो सोसावा लागतो; ज्यांनीं तो मागितलाच नाहीं त्यांनींहि. त्यालाच हौस म्हटलें कीं ज्याची हौस त्यानें ती सोसावी, हें ओघानेंच येतें. पेट्रोलची बचत व गाडीची किंमत हीं कारणें चाललीं असतीं तर चाकांचे सव्वीस हजार रुपये घरखर्चांतून गेले असते, आणि मुलीच्या शिकवणीला किंवा घराच्या गळक्या छपराला त्यांतली झीज लागली असती. खोट्या कारणाचा तोटा तत्त्वज्ञानापुरता राहत नाहीं. त्याचें बिल कोणाच्या तरी नांवानें फाटतें. ‘सुंदर दिसतात म्हणून’ असें कारण एकदां वहींत लिहिल्यावर चिरंजीवांनीं आपल्या दिवाळीच्या बोनसमधून निम्मे दिले, आणि निम्मे आम्हीं यंदांची आपली ठरलेली सहल सोडून दिले. सौभाग्यवतींनीं एक पैहि दिली नाहीं, आणि तें न्यायाचेंच झालें.

चाकें बसवून झाल्यावर दुकानांतील कारागिरानें जुन्या चार रिमा बांधून दिल्या आणि डिकी उघडून सांगितलें कीं, स्टेपनी मात्र पोलादाचीच राहूं द्या. अडचणीच्या वेळीं तीच चालते. मोटार-कंपन्याहि कित्येक महागड्या चाकांच्या गाड्यांत पांचवें चाक साधेंच देतात. तेव्हांपासून रस्त्यानें जाणारीं मुलें आमच्या गाडीचीं चार चाकें पाहतात, आणि आम्हीहि, कबूल करावयास हरकत नाहीं, गाडी लावून दूर गेल्यावर एकदां वळून पाहतों. मान वळते त्या क्षणीं आम्ही मिरवणुकीच्या बाजूला गेलेलों असतों हें आम्हांला ठाऊक आहे. आणि शोभा देऊन विसरून जाण्याची विद्या आम्हांला अजून साधलेली नाहीं. तोंवर निदान डिकींतल्या त्या काळ्या चाकाची हवा दर महिन्याला न चुकतां तपासावयाची, एवढा नेम आम्हीं धरला आहे.