प्रजा कोणाची, हे शिंप्याने ठरवावे?

सिंगापुरात किंवा पिनांगला जन्मलेला चिनी माणूस कायद्याने ब्रिटिश प्रजाजन होता. १८६७ पर्यंत या वसाहतींचा कारभार कलकत्त्याहून चाले, म्हणजे कागदोपत्री तो तुमच्याआमच्या पणजोबांच्याच पंक्तीला बसलेला. पंचाईत व्हायची ती बापजाद्यांच्या मुलखात, अमॉय बंदरात उतरल्यावर. नानकिंगच्या १८४२ च्या तहाने हे बंदर खुले झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश प्रजाजनांना चिनी कायद्यातून सूट मिळाली. सूट देताघेताना दोन्हीकडच्यांच्या डोळ्यांसमोर टोपीवाला साहेबच असणार. पाठीवर वेणी सोडलेला, तिथलीच बोली बोलणारा कोणी तीच सूट मागेल, असे त्यांच्या मनातही आले नसावे.

१८५१ मध्ये प्रश्न थेट दारात आला. चेन छिंगचेन हा सिंगापूरचा, एका ब्रिटिश पेढीत नोकरीला. शिवाय एका गुप्त मंडळीचा म्होरक्या. चिनी अधिकाऱ्याने त्याला पकडले. ब्रिटिश कॉन्सलने हा आमचा माणूस म्हणून मागणी केली, तेव्हा परत आले ते पालखीत बसवलेले प्रेत. अधिकाऱ्याच्या लेखी तो चिनी बंडखोर होता, आणि बंडखोर तो होताही. म्हणूनच हे प्रकरण अवघड. निरपराध माणसाला संरक्षण द्यायला तत्त्व लागत नाही.

ब्रिटिशांनी १८६८ मध्ये काढलेला तोडगा मला त्या सगळ्या शतकातला सर्वांत प्रामाणिक वाटतो. राजदूत रदरफर्ड ऑलकॉक यांनी नियम केला: चिनी वंशाच्या प्रजाजनाला चीनमध्ये संरक्षण हवे असेल, तर त्याने स्थानिकांहून वेगळा दिसेल असा पोशाख करावा. हास्यास्पदच. पण गरजेप्रमाणे कधी साहेब तर कधी गाववाला होऊन कर आणि कोर्ट चुकवणारे लोकही होतेच. जन्मदाखला खिशात राहतो, कोट लांबून दिसतो.

पुढे कपडे मागे पडले आणि रक्त पुढे आले. परदेशी गेलेल्या आपल्या लोकांकडे शतकानुशतके संशयाने पाहणाऱ्या चिनी दरबाराने १९०९ मध्ये नागरिकत्वाचा कायदा केला: बाप चिनी, तर मूल जगात कुठेही जन्मो, ते चिनीच. सिंगापूरच्या पोराला आता दोन धनी झाले. १९३० च्या हेग कराराने वाट काढली ती सरकारांच्या सोयीची: दुहेरी नागरिकाला त्याच्या एका देशाविरुद्ध दुसऱ्याने राजनैतिक संरक्षण देऊ नये. म्हणजे जिथे गरज सर्वांत मोठी, तिथेच छत्री मिटलेली.

हाँगकाँग परत घेण्याआधी, १९९६ मध्ये, बीजिंगने हेच सूत्र तिथल्या चिनी वंशाच्या रहिवाशांना लावले. ब्रिटिश कागदावर प्रवास खुशाल करा. हाँगकाँगमध्ये किंवा चीनमध्ये ब्रिटिश वकिलातीचे संरक्षण मिळणार नाही. २०१५ च्या अखेरीस हाँगकाँगमधला एक पुस्तकविक्रेता गायब झाला. त्याच्याकडे ब्रिटिश पासपोर्ट होता. जानेवारीत ब्रिटिश परराष्ट्रमंत्री बीजिंगला गेले असता चीनचे परराष्ट्रमंत्री वांग यी यांनी सांगून टाकले की तो आधी चिनी नागरिक आहे. त्याने अंगात काय घातले होते, हे या वेळी कोणी विचारले नाही.