न्याय दारी आला, तरी साक्ष कोण देणार?

हक्क असणे आणि हक्क मिळणे यांत अंतर किती? आपल्या वस्तीतील मजुराला विचारा. तो सांगेल, तालुक्यापर्यंतचे एस.टी.चे भाडे आणि एक खाडा. बुडालेली मजुरी मागायला आणखी एक दिवसाची मजुरी बुडवावी लागते. मग तो म्हणतो, "जाऊ द्या, नशीबच तसे!"

दूरच्या ब्राझील देशाने या अंतरावर एक उपाय योजिला. तेथे गुलामगिरी १८८८ साली कायद्याने नष्ट झाली. १९४१ साली मजुरांची न्यायालये सुरू झाली. परंतु अॅमेझॉनच्या जंगलातील मजुराला त्या न्यायालयाची पायरी दिसत नव्हती. २००४ साली संविधानात दुरुस्ती होऊन या न्यायालयांवर फिरत्या न्यायदानाचे बंधन आले. आता न्यायाधीश नावेने नदीकाठच्या गावी जातात. एका फेरीत तक्रारी लिहून घेतात. तोंडी सांगितले तरी चालते, वकील लागतोच असे नाही. पुढच्या फेरीत सुनावणी होते. आपल्या देशातही २००८ च्या ग्राम न्यायालय कायद्याने न्यायाधिकाऱ्याने गावोगाव जावे असे सांगितले; पण अशी न्यायालये थोडीच उभी राहिली.

आपणांस या कल्पनेचे नवल वाटू नये. तथागतांनी भिक्खूंना बहुजनांच्या हितासाठी चारिका करावयास सांगितले. दुःख जेथे आहे तेथे जाणे, हाच धम्माचा मार्ग.

पण खरा प्रश्न पुढेच आहे. दोन फेऱ्यांच्या मधल्या काळात मजुराला त्याच मालकाच्या शेजारी राहावे लागते. नाव निघून जाते, मालक राहतो. अशा वेळी साक्ष कोण देणार? "आपल्याला काय त्याचे" म्हणून शेजारी गप्प बसला, तर न्यायाधीश दारी येऊन उपयोग काय? खोटे न बोलणे एवढाच चौथ्या शीलाचा अर्थ आहे काय? माहीत असलेले सत्य गिळून बसणाऱ्याला शीलवान म्हणता येणार नाही. मात्र ज्याची चूल मालकाच्या हाती आहे, त्याला "एकट्याने उभा राहा" म्हणणे ही करुणा नव्हे. म्हणूनच संघ हवा. बाबासाहेबांनी १९३६ साली स्वतंत्र मजूर पक्ष काढून एकट्या मजुराच्या मागे संघटनेचे बळ उभे केले होते.

तेव्हा पुढील रविवारी वंदना झाल्यावर विहारात एवढेच विचारा, "कोणाची मजुरी थकली आहे?" जो हात वर करील त्याचा अर्ज तेथेच लिहा, आणि त्याच्याबरोबर दोघे तालुक्याला जा. नशिबाची भाषा आपण दीक्षेच्या दिवशीच टाकून दिली आहे. ती पुन्हा तोंडी येऊ देऊ नका.

जय भीम!